कपॅसिटरच्या आधी अर्थिंग

शेतीपंपास कपॅसिटर बसवावा, असा आग्रह आम्ही विस्तार कार्यकर्ते शेतकरी बांधवांस नेहमी करीत असतो, व तो योग्यच आहे. मोटरचा पॉवर फॅक्टर 0.8 वरून 0.95 वर गेला की तारेतील प्रवाह सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरतो आणि रोहित्रावरील भार हलका होतो. परंतु कपॅसिटरची पत्र्याची पेटी जमिनीशी जोडली आहे काय, हे आम्ही क्वचितच विचारतो. हा दोष माझ्याकडेही येतो.

उपकेंद्रातील मोठ्या कपॅसिटर बँकेवर रिलेचा पहारा असतो. तेथे बँक पुष्कळदा स्टार पद्धतीने जोडून तिचा मध्यबिंदू जमिनीपासून अलग राखतात. एखादा घटक निकामी झाला की तिन्ही फेजांचा समतोल ढळतो व रिले बँक बंद पाडतो. विहिरीवरील पेटीस असा राखणदार नाही. आतील आवरण जळून एक फेज पत्र्यास टेकला, तर सारी भिस्त फ्यूजवर, आणि फ्यूज उडणे मातीवर अवलंबून!

माझे वास्तव्य वडाळ्याचे. मिठागरांची ही भूमी खाऱ्या पाण्याने मुरलेली. तीत पुरलेली नळी वीज सहज जिरवते, मात्र गंजतेही लवकर. घाटावरील मुरमाड माळ वैशाखात कोरडा पडला म्हणजे तेथील नळी नावापुरतीच उरते. हिशेब पाहावा : फेजचा दाब 240 व्होल्ट, पंपाकडील अर्थिंगचा रोध 10 ओहम व रोहित्राकडीलही 10 ओहम. प्रवाह वाहील अवघा 12 अँपिअर. त्याने 15 अँपिअरचा फ्यूज वितळेलच असे नाही. जाड तार गुंडाळलेल्या फ्यूजची तर गोष्टच नको. पेटीवर 120 व्होल्ट तसेच राहतात. ओल्या पायांनी तिला हात लावणाऱ्यास तेवढे प्राणघातक होय.

म्हणून अर्थिंगचा रोध मोजल्यावाचून कपॅसिटर जोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नळी पाटाच्या ओलीत, कोळसा व मीठ घालून पुरावी. मीठ पिकाच्या मुळांपासून दूर राहील एवढे पाहावे. जमीन फारच कोरडी असल्यास विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच घ्यावा. त्याचा खर्च कपॅसिटरच्याच योजनेत धरला जावा. शिवाय पंप बंद केल्यावर लगेच पेटी उघडू नये; 415 व्होल्टच्या जोडणीत कपॅसिटरमध्ये 587 व्होल्टपर्यंत दाब शिल्लक राहू शकतो, आणि तो उतरण्यास निदान पाच मिनिटे द्यावीत.