आधी घरे, मग जलवाहिन्या

सन २०२४ च्या मार्च महिन्यात बेंगळुरूच्या सीमावर्ती वसाहतींत टँकरसाठी रहिवाशांची धावपळ सुरू झाली, तेव्हा दोष अपुऱ्या पावसाला व आटलेल्या कूपनलिकांना देण्यात आला. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. जेथे कावेरीचे पाणी पूर्वीपासून पोहोचले होते, त्या जुन्या शहराला टंचाईची झळ तुलनेने कमी बसली. जेथे वाहिनीच पोहोचली नव्हती, तेथे हाहाकार उडाला.

या वसाहती रातोरात उभ्या राहिल्या नव्हत्या. २००७ मध्ये ११० गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यांना पाणी देण्यासाठी आखलेल्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेच्या या योजनेला जपानी अर्थसाहाय्याचा आधार आहे. पण हद्दवाढ आणि पाणी यांत सतरा वर्षांचे अंतर पडले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या शहराची तहान अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी, १९७४ मध्ये कावेरी. प्रत्येक वेळी स्रोत अधिक दूरचा आणि अधिक खर्चिक होत गेला. आज सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून पाणी आणावे लागते. साहजिकच विजेचे देयक हा पाणीपुरवठ्यावरील मोठा बोजा ठरतो. तरीही २०१४ नंतर पाणीपट्टीत वाढ झाली ती थेट २०२५ मध्ये.

दर न वाढवणे हे गरिबांच्या हिताचे, असा युक्तिवाद केला जातो. मला तो मान्य नाही. स्वस्त पाण्याचा लाभ नळजोडणी असणाऱ्यालाच मिळतो. ज्याच्या दारात नळ नाही, तो टँकरवाल्याला कितीतरी अधिक दर मोजतो. किमान गरजेपुरते पाणी स्वस्त ठेवून पुढील वापराचे दर ठराविक काळाने वाढवणे, हाच न्याय्य मार्ग होय.

सेवेत असताना एका वाढत्या शहराच्या विकास आराखड्यावरील बैठकीत मी उपस्थित होतो. नकाशावर नवी निवासी क्षेत्रे पिवळ्या रंगात रेखाटली होती. पाणी कोठून येणार, असे मी विचारले. ‘तो विषय दुसऱ्या मंडळाचा’, असे उत्तर आले. नियमानुसार ते बरोबरच होते, आणि मी टिपणीवर स्वाक्षरी केली. त्या स्वाक्षरीचा मला आजही खेद वाटतो.

दोष व्यक्तींपेक्षा रचनेत आहे. जमिनीचा वापर एक प्राधिकरण ठरवते, पाणी दुसरे मंडळ देते आणि पैसा राज्य शासनाकडे मागावा लागतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली, ती ही फाटाफूट सांधण्यासाठीच. परंतु बहुतेक राज्यांत ती कागदावरच राहिली. बेंगळुरूत तर सप्टेंबर २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यानंतर दीर्घकाळ प्रशासकच कारभार पाहत होते. जाब विचारायचा तरी कोणाला?

पैसा नाही, हेही पूर्ण सत्य नाही. शेतजमीन निवासी होताच तिचे मूल्य अनेक पटींनी वाढते, आणि ही वाढ बहुतांशी खासगी खिशात जाते. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातून आलेली एक पद्धत गुजरातने जपली आहे. तेथे मालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांतून रस्ते व सुविधांसाठी भूखंड काढले जातात, काही भूखंड विक्रीसाठी राखले जातात आणि मूल्यवाढीतील हिस्सा अंशदान म्हणून घेतला जातो. या योजना अंतिम होण्यास विलंब लागतो, हे खरे. पण त्यांमागील तत्त्व निर्दोष आहे.

म्हणून एक साधा नियम असावा: पाण्याचा स्रोत, वाहिनीचा खर्च आणि देखभालीची तरतूद लेखी निश्चित झाल्याशिवाय कोणतेही क्षेत्र निवासी घोषित होऊ नये. त्याने बांधकामे मंदावतील, अशी तक्रार होईल. ती खुशाल व्हावी. सतरा वर्षे टँकरची वाट पाहण्यापेक्षा दोन वर्षे घराची वाट पाहणे केव्हाही बरे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)