फाईल माझ्या डिस्कवर, हुकूम तुमचा?

व्हाइस सिटी खेळलेल्यांना हँडलिंग.सीएफजी आठवत असेल. नोटपॅडमध्ये उघडायची, गाडीच्या नावापुढचे आकडे वाढवायचे, सेव्ह. टॅक्सी सुसाट सुटायची आणि पहिल्याच वळणावर उलटायची! मग परत आकडे कमी. पुढे मेन.एससीएम, म्हणजे मिशनची स्क्रिप्ट. कित्येकांनी कोडिंगची बाराखडी इथेच गिरवली. (तेव्हा सीडी कॉपीची होती, कबूल. आता पैसे मोजतो.)

हे कंपन्यांना खुपतं. २०१७ मध्ये रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिने ओपन-आयव्ही या मॉडिंगच्या टूलमागे वकील लावले. चिडलेल्या खेळाडूंनी स्टीमवर जीटीए ५ चे रिव्ह्यू पाडले, तेव्हा कुठे माघार घेतली. त्याआधी २०१५ मध्ये फाइव्हएम बनवणाऱ्यांची खाती रॉकस्टारने बंद केली होती. आणि २०२३ मध्ये? तीच टीम रॉकस्टारने आपल्यात घेतली! म्हणजे फुकट राबतो तोवर चोर, कामाचा निघाला की घरचा.

ऑनलाइन चीटिंग करणाऱ्यांना खुशाल हाकला. पण मी एकटा, माझ्या घरी, विकत घेतलेल्या गेमची स्क्रिप्ट बदलतोय. त्यासाठी लागणारं टूल बनवणाऱ्याला वकिलाची नोटीस कशापायी?