पडद्यावरचा सल्ला

मैत्रिणींनो, हल्ली बचत गटाला सल्ला द्यायला कुणी साहेब आले की आधी पडदा लागतो. मग बाण, रंगीत चौकोन, आलेख! चित्रं पटकन कळतात, हे मान्य. पण स्लाइड म्हणजेच सल्ला नव्हे.

आपली कल्पना चावला आठवते ना? जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना फोमचा तुकडा पंखावर आदळला. धोका किती, हे तज्ज्ञ अभियंत्यांनी नासाला स्लाइडवरूनच सांगितलं. मथळा दिलासा देणारा. आणि चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आदळलेला मात्र सुमारे १९२० घन इंचांचा, हे अगदी तळाच्या ओळीत! १ फेब्रुवारीला सातही जण गेले. (दोष एकट्या स्लाइडचा नव्हता, पण चौकशी मंडळाने अहवालात तिच्यावरही बोट ठेवलं.)

आमच्याकडे पापड उद्योगाच्या स्लाइडवर नफा ठळक अक्षरांत होता. वीजबिल नि उधारी कुठेच नाही. एका आजींनी विचारलं, "साहेब, पावसाळ्यात पापड वाळवायचे कुठं?" साहेब म्हणाले, "ते पुढे येईल." आलंच नाही. पुढच्या बैठकीआधी आम्ही त्यांच्याकडून दोन पानं लिहून मागवली आहेत, खर्चासकट.