‘बॉर्डर’मधला तो एक सीन

दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला आमच्या मोमिनपुऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप फिरते. जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’मधली. सीमेवरचं गाव पेटलंय, एका मुसलमान गावकऱ्याच्या घरात कुराण राहिलंय, आणि एक हिंदू जवान आगीत शिरून ते बाहेर आणतो. गावकरी थक्क होतो: तुम्ही हिंदू असून? उत्तर मिळतं की हिंदू शतकानुशतकं हेच करत आलाय. खाली आपलेच लोक हात जोडलेल्या इमोजींची रांग लावतात.

सिनेमा १९९७चा. मी तो पंधराएक वेळा पाहिलाय, आणि हा सीन तर मागेपुढे करून कितीतरी वेळा. (सॉफ्टवेअरवाल्यांची खोड, दुसरं काय!) जवानाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार त्या गावकऱ्याच्या आश्चर्याबद्दल आहे. हिंदू शेजाऱ्यांमध्ये ज्याची हयात गेली, त्याला यात नवल का वाटावं? ते नवल त्याचं नाहीच, संवाद लिहिणाऱ्याचं आहे. ते त्याच्या तोंडी घातलं की एका क्षणात शेजारी संपतो आणि एहसानमंद उरतो. जवळपास तीन तासांच्या सिनेमात या देशातल्या मुसलमानाला लक्षात राहण्याजोगं काम एवढंच: शुक्रिया म्हणणं.

यावर कुणी म्हणेल, मग काय खोटा मुसलमान शिपाई घुसवायचा? नको. लोंगेवालात लढली ती २३ पंजाबची कंपनी, आणि पंजाब रेजिमेंट मुख्यतः शीख आणि डोगरा जवानांची. पण दिग्दर्शकाला इतिहासाची एवढी चाड होती असंही नाही. ४-५ डिसेंबर १९७१च्या त्या रात्री आपले दोन जवान शहीद झाले. पडद्यावर एकामागून एक नायक पडतात. मरणात सूट घेता येते, तर एका गावकऱ्याला जरा स्वाभिमान द्यायला काय अडचण होती?

आणि खऱ्या इतिहासातही शोधायला फार लांब जावं लागत नाही. पहाटे जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि रणगाड्यांचा निकाल लागला, हा तर सिनेमाचाच शेवट. त्या युद्धात हवाई दलाच्या मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी असलेले सहायक हवाई दलप्रमुख होते इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचे. १९४७मध्ये पाकिस्तानचा रस्ता खुला असताना इथे राहिले, पुढे हवाई दलप्रमुख झाले आणि १९८२ ते १९८५ आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मोमिनपुऱ्यात किती पोरांना हे नाव माहीत आहे?

‘बॉर्डर’ला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. एकात्मता पाहायचीच असेल तर नागपूरहून पंधराएक किलोमीटरवर कामठीला जा. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. जात, धर्म, प्रांत न पाहता भरती करायची म्हणून १९४९मध्ये उभी केलेली ही रेजिमेंट. लोंगेवालाच्या आदल्याच दिवशी, ३ डिसेंबरला, पूर्वेच्या आघाडीवर तिच्या चौदाव्या बटालियनचा आदिवासी ख्रिस्ती लान्स नायक अल्बर्ट एक्का शहीद झाला. त्याला परमवीर चक्र मिळालं. तिथे कुणी कुणाला ‘तुम्ही अमुक असून?’ असं विचारत बसलं नव्हतं.

येत्या २६ जानेवारीला ती क्लिप ग्रुपवर येईलच. मी तिच्याखाली लतीफ यांचा गणवेशातला फोटो टाकणार आहे. ॲडमिनने काढला, तर पुन्हा टाकीन.