घरून काम की ऑफिसातून? आधी विचारा, खोली कुणाकडे आहे

टीसीएसने २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी आपल्या फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनी ऑफिसात असण्याची गरज उरेल. २०२५ उजाडायच्या आतच, १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात बोलावलं. पुढच्या वर्षी हजेरीची सांगड व्हेरिएबल पगाराशी घातली. हजेरी ६० टक्क्यांच्या खाली गेली की तो पगार शून्य. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला तीन दिवस सक्तीचे केले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना महिन्याला किमान दहा दिवस हजर राहायला सांगितलं. तिकडे ॲमेझॉननेही जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांचा नियम लावला.

या विषयावर जे काही छापून येतं, त्यात दोनच पात्रं दिसतात. एक मालक, ज्याला माणसं डोळ्यांसमोर हवी आहेत. दुसरा कर्मचारी, ज्याला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-तीन तास घालवायचे नाहीत. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. मात्र या भांडणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कर्मचाऱ्याच्या घरी दार लावून बसता येईल अशी एक खोली आहे. आपल्या समाजातल्या किती मुलामुलींकडे ती आहे, हा प्रश्न आम्हाला कुठल्याच चर्चेत ऐकू आला नाही. म्हणून तो इथे विचारतो आहोत.

घरून काम केल्याने काम वाढतं असं सांगणारे एक आकडा नेहमी देतात, १३ टक्के. तो आला चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतून. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. काही जणांना आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात राहिले. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं. हा आकडा जगभर फिरला, त्याच्या मागची अट मात्र फारशी कुणी सांगत नाही. प्रयोगात भाग घ्यायचा तर घरी ब्रॉडबँड हवं होतं आणि कामासाठी स्वतंत्र खोली हवी होती. ज्यांच्याकडे खोली नव्हती, ते मोजलेच गेले नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली घरं शहरात २३ टक्क्यांच्या आसपास आणि खेड्यात साडेचार टक्क्यांच्याही आत होती. हे सगळ्या समाजांचे सरासरी आकडे आहेत. वस्तीत, चाळीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत वाढलेल्या मुलाला वेगळा आकडा सांगायची गरज नाही. त्याला लॉकडाऊन आठवतो. आई स्वयंपाक करते आहे, धाकटी मोबाइलवर शाळा करते आहे, आजोबा टीव्हीवर बातम्या पाहत आहेत आणि हा पोटमाळ्यावर किंवा जिन्यात बसून क्लायंटशी इंग्रजीत बोलतो आहे. वडील रेल्वेत किंवा महापालिकेत नोकरी केलेले असतील, तर त्यांना मुलगा घरी बसून कमावतो हे पटायलाच वर्ष गेलं. त्यांच्या पिढीत नोकरी म्हणजे डबा घेऊन घराबाहेर पडणं.

खोलीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेब विद्यार्थी असताना परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब राहत असे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे आणि रामजीबाबा त्यांना रात्री दोनला उठवायचे, कारण अभ्यासाला लागणारी शांतता त्या खोलीत फक्त त्याच वेळी मिळत असे. पुढे चळवळीचं काम सुरू झाल्यावर बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं, घरात नव्हतं. आणि जेव्हा स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा दादरला राजगृह उभं राहिलं ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. बुद्धीचं काम करणाऱ्या माणसाला जागा लागते, हे त्यांनी सोसूनच ओळखलं होतं.

त्यामुळे ऑफिसला बोलावलं म्हणून आपल्या सगळ्या मुलांनी नाराज व्हावं, असं आम्हाला वाटत नाही. घरातली पहिलीच पदवीधर असलेल्या मुलीसाठी ऑफिस हीच ती खोली असते. तिथे टेबल आहे, वीज जात नाही, नेट आहे, एसी आहे, कुणी मध्येच दळण आणायला पाठवत नाही.

त्याहून मोठी गोष्ट शिकण्याची आहे. ज्याचे वडील, काका, मामा याच क्षेत्रात आहेत, त्याला बॉसला मेल कसा लिहायचा, कोणत्या प्रोजेक्टमध्ये शिरायचं, कोणत्या प्रोजेक्टपासून लांब राहायचं, अप्रेझलच्या वेळी काय बोलायचं हे घरीच कळतं. आपल्या मुलांना हे सांगणारं घरी कुणी नसतं. ते शेजारच्या खुर्चीवरच्या सिनिअरकडे पाहून, चहाच्या टपरीवर, बसमध्ये कानावर पडून समजतं. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे नोकरी लागते ती बरेचदा रेफरलने, आणि रेफरल ओळखीतून येतो. ओळख स्क्रीनवरच्या चौकोनातून होत नाही. सीट्रिपच्या त्याच प्रयोगात हेही दिसलं होतं की सारखंच काम करूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. आणि निवड करायची मुभा मिळाल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. कारण विचारलं तर एकटेपणा.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही ऑफिसची फार तारीफ करताय. ऑफिसात जात नसते का?

असते. बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत होते आणि ऑफिसात त्यांना प्यायला पाणी मिळत नव्हतं. आजच्या काचेच्या इमारतीत कुणी फाइल फेकत नाही. तिथे आडनाव विचारलं जातं, गाव विचारलं जातं, ‘रँक किती होती’ असं हसत विचारलं जातं, आणि १४ एप्रिलची सुट्टी टाकली की कुणीतरी काहीतरी बोलतं. कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये सिस्को कंपनीवर खटला भरला, त्यात दलित अभियंत्याला दोन सवर्ण वरिष्ठांनी कामात बाजूला सारल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि २०२३ मध्ये राज्याने त्या दोघांवरचे आरोप मागे घेतले. पण जात अमेरिकेतल्या ऑफिसापर्यंत पोचते का, या प्रश्नाला त्या खटल्याने जगासमोर आणलं.

म्हणून आपल्यातल्या काहींना घरून काम हा दिलासा वाटला, हे आम्ही नाकारत नाही. परभणीचा किंवा वाशीमचा मुलगा पुण्यात खोली शोधायला निघतो, तेव्हा आडनाव ऐकून ‘आत्ताच दिली’ असं उत्तर त्याला किती दारांवर मिळतं, हे वाचकांना सांगायला नको. लॉकडाऊनमध्ये अशी मुलं गावी राहिली, भाड्याचे पैसे वाचले, कुणी घरावर स्लॅब टाकला, कुणी बहिणीची फी भरली. पण यावरून ‘आता खेड्यातच राहून काम करा’ असा जो गोड सल्ला सुरू झाला आहे, तो आपल्यासाठी नाही. खेडं आपल्याला काय देतं, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. लॅपटॉप आला म्हणून गावकुसाबाहेरची वस्ती गावात येत नाही.

शिवाय घरून काम करताना जात लपते, हाही भ्रम आहे. कॉलवर नाव आणि आडनाव तर खाली लिहिलेलंच असतं. मागे भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. कॅमेरा सुरू करण्याआधी ती धूसर करायची की तशीच दिसू द्यायची, हा विचार आपल्या कितीतरी मुलांनी केला आहे. पार्श्वभूमीला समुद्रकिनारा लावणाऱ्या सगळ्यांनाच समुद्र आवडतो असं नाही.

दोन गोष्टी या वादात अगदीच बाजूला पडतात. पहिली तासांची. घर हेच ऑफिस झालं की काम कधी संपतं तेच कळत नाही. बाबासाहेब मजूर मंत्री असताना कारखान्यांतल्या आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी सुधारणा १९४६ मध्ये झाली. आज नारायण मूर्ती ७० तास सांगतात, एल अँड टीचे अध्यक्ष ९० सांगतात, आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने आणि आस्थापनांसाठी रोजचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. ऑफिस की घर यावर दिवसभर भांडणारे लोक यावर गप्प का असतात?

दुसरी गोष्ट आपल्याच घरातली आहे. मार्च २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली तेव्हा अभियंत्याचा पगार चालू राहिला. त्या इमारतीत झाडू-पोछा करणारी मावशी, कँटीनमधला पोरगा, गेटवरचा वॉचमन, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, हे सगळे ठेकेदाराचे लोक. त्यांचं काम एका दिवसात गेलं. यात आपल्या समाजाची माणसं किती होती हे वस्तीत फिरलं तरी कळतं. बरेचदा एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, एक जण घरून काम करत होता आणि दुसरा घरी बसला होता. ऑफिस उघडायच्या बाजूने बोलताना कंपन्या ‘संस्कृती’ वगैरे म्हणतात. या माणसांच्या रोजगाराबद्दल त्यांच्या निवेदनांत एक ओळ नसते, आणि आपल्या शिकलेल्या मुलांच्या पोस्टमध्येही क्वचितच असते.

बायकांचा प्रश्न यात आणखी अडकतो. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम देण्याची तरतूद आहे, पण मालक राजी असेल तरच. त्याच दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. आपल्या भगिनींनी दुसऱ्या तरतुदीसाठी जास्त जोर लावावा, असं आमचं मत आहे. घरून काम करणाऱ्या सुनेला घरात ‘रिकामी आहे’ असंच समजलं जातं.

मग आमची बाजू कोणती? नोकरीची पहिली तीन-चार वर्षं शक्यतो ऑफिसात जा, आठवड्याला निदान तीन दिवस. शिका, ओळखी करा, बढतीच्या रांगेत दिसा. त्यानंतर घरून काम हवं असेल तर तोंडी परवानगीवर विसंबू नका, ते नियुक्तिपत्रात किंवा मेलवर लेखी घ्या. मोफत चहा देणारी कंपनी घरच्या नेटचे आणि खुर्चीचे पैसे देते का, ते विचारा. आठवड्याला दोन दिवस घरून काम दिल्याने काम बिघडत नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटतं, हे ब्लूम यांनीच त्याच चिनी कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर नंतर केलेल्या पाहणीत दिसलं. ती २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली आहे. मॅनेजर नाही म्हणाला तर ती त्याच्यासमोर ठेवता येते.

आणि एक काम कंपनीकडे न मागता आपल्याला करता येण्याजोगं आहे. प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे, समाजमंदिर आहे. रविवारची वंदना आणि जयंती, परिनिर्वाण दिन, धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडले तर आठवड्याचे बहुतेक दिवस त्याला कुलूप असतं. काही ठिकाणी अभ्यासिका चालतात, स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे रात्री बसतात, ते उत्तमच आहे. तिथेच दिवसा आठ-दहा टेबलं, एक चांगलं नेट कनेक्शन, इन्व्हर्टर आणि फोनवर बोलण्यासाठी पार्टिशन घालून एक कोपरा केला, तर घरून काम करणाऱ्या मुलामुलींना जिन्यात बसावं लागणार नाही. कमावती मुलं महिन्याला दोन-तीनशे रुपये आनंदाने देतील. नेटचं बिल त्यातून निघेल. विहार समितीच्या ज्येष्ठांना ‘विहारात लॅपटॉप कशाला’ असं वाटत असेल, तर त्यांना परळच्या त्या खोलीची आठवण करून द्यायला हरकत नाही. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय मांडता येईल. किल्ली कुणाकडे असते ते तेवढं आधी विचारून ठेवा.