सातांतला एक

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी आशेची गोष्ट काढली की तो आधी तारण विचारतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोतीच्या हिरडीवर काळी गाठ दिसली, तेव्हा माझे तसेच झाले.

“काका, मेलॅनोमा आहे. जबड्याचा तुकडा काढू, पण फुफ्फुसात पसरण्याची भीती राहतेच,” डॉक्टर म्हणाले.

“आणि ती नवी इम्युनोथेरपी?” मी विचारले. वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा हा प्रश्न. उत्तर शोधताना जे कळले ते मांडतो.

शरीरातल्या टी पेशी हे आपले पहारेकरी. त्यांनी घरच्यांवरच तुटून पडू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातला आहे. पहारेकऱ्यावर पीडी-१ हे प्रथिन असते. समोरच्या पेशीवरचे पीडी-एल१ त्याला येऊन जुळले की तो शांत होतो. साहेबाचा खरा शिक्का चोराच्या हाती लागावा, तशी ही खूण कर्करोगाच्या पेशी वापरतात. ती झाकणारी प्रतिपिंडे म्हणजे हे नवे औषध. पीडी-१ शोधणारे तासुकु होंजो आणि दुसऱ्या लगामावर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

कुत्र्यांच्या अनेक गाठींवरही हीच खूण सापडते. पण माणसाचे औषध त्यांना जसेच्या तसे चालत नाही. कुत्र्याचे शरीर त्याला परके ठरवून निकामी करू शकते, म्हणून प्रतिपिंड कुत्र्याच्या मापाचे घडवावे लागते. जपानच्या होक्काइडो विद्यापीठाने २०१७ मध्ये असे औषध वापरल्याचे प्रसिद्ध केले. तोंडाच्या मेलॅनोमाच्या सात कुत्र्यांपैकी एकाची गाठ स्पष्टपणे आटली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने गिल्व्हेटमॅबला मेलॅनोमा आणि मास्ट पेशींच्या गाठींसाठी परवाना दिला, तोही सशर्त. बँकेच्या भाषेत, कर्ज मंजूर, पण कागदपत्रे पुरी व्हायची आहेत.

खूण दिसली म्हणजे औषध लागू पडलेच, असे नाही. सातांतला एक हा आकडा मालकाला पहिल्याच भेटीत सांगितला पाहिजे. संमती आपण देतो, सुई त्याला टोचते.

मग हे संशोधन कशाला? प्रयोगशाळेतल्या उंदरात गाठ बहुधा मुद्दाम रुजवावी लागते, कुत्र्याला ती आपल्यासारखीच आपोआप होते, आपल्याच घरात, आपल्याच हवेत. त्याच्याकडून शिकलेले आपल्या कामी येते. म्हणजे हे कर्ज आपण त्याच्याकडून घेतो, आणि फेडायचे तर औषध त्याच्या आवाक्यात यायला हवे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०२२ मध्ये वाट दाखवली. तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात स्वस्त औषधांना निव्होलुमॅबची जोड दिली, तीही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. वर्षभर जगणारे शंभरातले सोळा होते, ते त्रेचाळीस झाले. किंमत उतरवणे हेसुद्धा विज्ञानच आहे. कुत्र्यांसाठी असा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

मोतीवर आम्ही फक्त शस्त्रक्रिया केली. पुढे सात महिने तो मऊ भात खात, संध्याकाळी दारात बसून राहिला. सातांतला एक तो ठरला असता का, हा प्रश्न माझ्या खात्यावर अजून बाकी आहे.