आशा आहे, पण वेळेत पोचायला हवं

कॅन्सर हा शब्द आपल्याकडे अजूनही कुणी मोठ्याने उच्चारत नाही. 'तिला ते झालंय' एवढंच कुजबुजतात. ऐकणाऱ्याच्या मनात एकच येतं, आता संपलं! हे 'संपलं' मनातून काढून टाकायला हवं, आणि तसं म्हणायला आधार आहे.

अंगणातली सदाफुलीच घ्या ना. १९५०च्या दशकात कॅनडातले संशोधक तिच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. त्यातून कॅन्सरच्या औषधांची वाट सापडली. सदाफुलीपासूनच मिळालेलं व्हिनक्रिस्टीन १९६३ पासून वापरात आहे. रक्ताच्या कॅन्सरने पूर्वी काही महिन्यांत दगावणारी मुलं आता या आणि इतर औषधांच्या जोडीने मोठ्या संख्येने बरी होतात. (पण कुणी घरी पानांचा काढा करू नका हं! झाड विषारी आहे.)

गंमत म्हणजे हेच औषध कुत्र्यांनाही चालतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना समागमातून पसरणारा एक कॅन्सर होतो. गाठ येते, रक्त गळतं, आणि लोक दगड मारून हाकलतात. खरं तर पशुवैद्यांकडून आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं मिळाली, तर बहुतेक कुत्री बरी होतात. माणसाला तो लागत नाही. घरच्या कुत्रीला तर आपण आधीच वाचवू शकतो. पहिल्यांदा माजावर येण्यापूर्वी तिची नसबंदी केली, तर स्तनाच्या गाठींचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. 'मुक्या जिवाला कशाला कापायचं' म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

नवे उपचारही येताहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून कार-टी नावाचा उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. तो रक्ताच्या काही कॅन्सरवरच चालतो. परदेशापेक्षा खूप स्वस्त असला तरी खर्च लाखांतच आहे. तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यात यावा, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

पण औषध कितीही चांगलं निघालं, तरी ते दारात चालत येत नाही. महिला मंडळाच्या कामात मी पुन्हा पुन्हा एकच वाक्य ऐकते, 'दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?' अहो, सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही! मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नणंदेचं लग्न, सगळं उरकल्यावर मग आपला नंबर. तोवर छोट्या शस्त्रक्रियेने भागलं असतं ते केमोथेरपीपर्यंत जातं.

वेळेवर तपासणीने काय होतं ते मुंबईत दिसलं. टाटा मेमोरिअलने १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी व्हिनेगरसारखं द्रावण लावून गर्भाशयाचं तोंड तपासलं. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. मोठी यंत्रं नव्हती की महागडी औषधं नव्हती! याच कॅन्सरचा धोका कमी करणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये बाजारात आणली. मुलींना ती वयात येतानाच द्यायची असते, म्हणून डॉक्टरांना आजच विचारा.

आपल्या गावात हे का होऊ नये? मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण लुटतो, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून तपासणी ठेवता येईल. पैशांची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड घेऊन चौकशी करा.

संशोधक त्यांचं काम करताहेत. गाठ लपवायची नाही, एवढं आपलं काम. या महिन्यात तपासून घ्या, आणि शेजारणीलाही सोबत न्या.